एच७ वर उंट आपटला, आता राजा कुठे न्यायचा?

तुमचा डाव पटावर मांडून बघितला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. (घरांची नावं अशी: उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८.) तुम्ही काळ्याकडून खेळत होता आणि राजाच्या बाजूला कॅसलिंग केलं, म्हणजे एकाच चालीत राजा जी८ वर आणि हत्ती एफ८ वर नेला. पुढच्याच चालीला समोरच्याने डी३ वरचा उंट देऊन एच७ चं प्यादं मारलं, शह. तुम्ही राजाने उंट मारला. घोडा एफ३ वरून जी५ वर शह देत आला, तुम्ही राजा परत जी८ वर नेला, आणि तिथून सहा चालींत मात. तुम्ही विचारताय की राजा जी६ वर न्यायला हवा होता का, आणि एकूणच राजावर असा हल्ला आला की एच प्यादं ढकलावं की जी प्यादं.

सांगलीत मी बरीच वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवतो. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केल्यापासून या गावात घरटी एक तरी पट सापडतो. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या बुद्धिबळपटू याच मातीतल्या. त्यामुळे उंटाचा हा बळी माझ्यासमोर मुलं निदान शंभरदा देऊन, शंभरदा खाऊन चुकली असतील. मीही खाल्लाय, तो किस्सा पुढे येईल.

पट पुन्हा नीट बघा. पांढऱ्याचा राजा जी१, वजीर डी१, हत्ती ए१ आणि एफ१, उंट सी१ आणि डी३, घोडे बी१ आणि एफ३. प्यादी ए२, बी२, सी३, डी४, ई५, एफ२, जी२, एच२. तुमचा राजा जी८, वजीर डी८, हत्ती ए८ आणि एफ८, उंट सी८ आणि ए५, घोडे सी६ आणि डी७. प्यादी ए७, बी७, सी५, डी५, ई६, एफ७, जी७, एच७. चाल पांढऱ्याची.

आता राजाच्या आसपास तुमचं कोण आहे ते मोजा. एफ८ चा हत्ती आहे, पण तो मदत करण्यापेक्षा राजाची पळवाट अडवून बसलाय. घोडा एफ६ वर होता तो ई५ च्या प्याद्याने हुसकला आणि डी७ वर गेला. ई७ वर असायला हवा तो काळ्या घरांचा उंट बी४, मग ए५ असा फिरायला गेला. सी८ चा उंट स्वतःच्याच ई६ प्याद्यामागे कोंडलेला. राहिला वजीर, तो जी५ कडे बघतोय खरा, पण तिथे पांढऱ्याचा सी१ चा उंट राखण करतोय. एच७ ला राजाशिवाय कोणाचाही आधार नाही, अशा घरात तुम्ही कॅसलिंग करून राजाला राहायला पाठवलं. खरा घाव तिथे बसला, पुढच्या सहा चाली ही फक्त वसुली होती.

सांगलीकराला हे समजवायला फार कष्ट पडत नाहीत. पावसाळ्यात आपण कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी बघतो, ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका. पण जाणता माणूस त्याच्याही आधी कोयनेतून विसर्ग किती सोडला ते विचारतो, कारण पाणी तिथून यायला वेळ लागतो आणि त्या वेळात सामान वरच्या मजल्यावर नेता येतं. तुमच्या डावात विसर्ग सुटला तो पांढऱ्याच्या ई५ या चालीने. त्या चालीने एफ६ चा घोडा हलला, एफ६ आणि डी६ ही दोन घरं तुमची राहिली नाहीत, आणि डी३ चा उंट थेट एच७ पर्यंत बघायला लागला. पट त्या क्षणी बदलला होता. तुम्ही मात्र ठरलेलं म्हणून कॅसलिंग केलंत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. उंट एच७ वर आपटल्यावर तुमच्यासमोर चार रस्ते होते. कुठला चांगला हे आजूबाजूच्या मोहऱ्यांवर ठरतं, म्हणून मी नुसतं 'जी६ वर जा' असं सांगणार नाही.

पहिला रस्ता, उंट घ्यायचाच नाही, राजा एच८ वर. मुलांना हा सुचतच नाही, कारण शह आला आणि मोहरा फुकट दिसला की हात आपोआप पुढे जातो. यात फक्त एक प्यादं जातं. काही पटांवर हे चक्क बरोबर असतं, विशेषतः जी५ हे घर तुमच्या ताब्यात असेल तर. तुमच्या पटावर नाही. प्यादं गेलं, हल्ला जिथल्या तिथे, उंटही जिवंत.

दुसरा रस्ता तुमचा: उंट घेतला, घोड्याचा शह, राजा जी८. पांढऱ्याचा वजीर एच५ वर येतो आणि एच७ वर मात करण्याची धमकी. एफ प्यादं एक घर हलवा नाहीतर दोन घरं, एच७ वर मात तशीच. घोडा एफ६ वर मध्ये टाकला तर ई प्यादं मारतं, तुमच्या वजिराने ते परत घेतलं तरी एच७ वर मात उभीच. म्हणून तुम्ही हत्ती ई८ वर नेऊन एफ८ मोकळं केलंत, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरच होतं. पण वजीर एफ७ मारतो शह, राजा एच८. वजीर एच५ शह, राजा जी८. एच७ शह, राजा एफ८. एच८ शह, राजा ई७. मग वजिराने जी७ मारलं की मात. ही वाट पाठ करून ठेवा, काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही बाजूंनी कामाला येते. शेवटच्या चित्रात राजाचा श्वास कोणी कोंडला तेही बघा: डी८ वर स्वतःचा वजीर, डी७ वर स्वतःचा घोडा, ई८ वर स्वतःचा हत्ती. तोच वजीर आधीच बी६ वर गेलेला असता तर राजा डी८ ला सटकला असता. डाव वाचला असता का ते सांगता येत नाही, पण त्या चालीला मात झाली नसती.

इथे एक पोटभेद. कॅसलिंगनंतर एक चाल मिळून तुमचा हत्ती आधीच ई८ वर असता तर जी८ हाच रस्ता बरा होता, कारण वजीर एच५ वर आला की घोडा एफ८ वर येऊन एच७ झाकतो. एफ७ चं प्यादं जातं, राजा एच८ वर दबकून बसतो, पण हातातली मात निसटते आणि पांढऱ्याला नवीन मोहरा आणायला चाली घालवाव्या लागतात. एफ८ वरचा घोडा दिसायला अगदी निरुपयोगी, कोपऱ्यात तोंड लपवून बसलेला. मी मात्र राजासाठी त्याच्यासारखा राखणदार दुसरा मानत नाही.

तिसरा रस्ता, राजा एच६ वर. तुमच्या पटावर हे आत्मघातकी आहे. सी१ चा उंट जी५ मधून थेट एच६ कडे बघतोय, मध्ये फक्त घोडा. घोड्याने ई६ मारलं की मागच्या उंटाचा शह लागतो, घोडा डी८ च्या वजिरावर, आणि वजीर गेला. पण समजा पांढऱ्याचा दुसरा घोडा बी१ वर नसून डी२ वर असता, तर सी१ च्या उंटाची वाट बंद असती आणि एच६ चा विचार गंभीरपणे करावा लागला असता. एका घोड्याच्या एका घराने उत्तर बदलतं, म्हणून मी सरसकट नियम सांगायला कचरतो.

चौथा, जी६. कोणालाही भीती वाटेल असा. राजा उघड्यावर, समोर शत्रूचा घोडा. तरीही तुमच्या पटावर उंट घेतल्यानंतर मी हाच रस्ता निवडला असता, आणि कारण ई५ च्या प्याद्यात आहे. घोडा एफ३ वरून जी५ वर उडाला तेव्हा त्याने ई५ ची राखण सोडली. आता त्या प्याद्याला आधार फक्त डी४ चा, आणि तुमचे दोन घोडे, सी६ आणि डी७, दोन्ही त्याच्यावर टपलेले. समजा वजीर जी४ वर आला, घोडा हलवून मागून शह द्यायच्या तयारीने. तुम्ही डी७ च्या घोड्याने ई५ मारा. वजिरावरच उलटा हल्ला. घोड्याने ई६ मारून मागून शह दिलाच, तर तुमचा घोडा जी४ वरचा वजीर खातो. डी प्याद्याने ई५ वरचा घोडा मारला तर दुसरा घोडा तिथेच येऊन बसतो आणि वजिराला पुन्हा हलावं लागतं. सगळा हल्ला ज्या खांबावर उभा होता तो खांबच निघाला.

लगेच खूश होऊ नका. वजीर जी४ ऐवजी डी३ वर शह देत आला तर एफ५ ने मध्ये पडावं लागतं, ई प्यादं ते जाता जाता (ते एकच घर पुढे आलंय असं धरून) मारतं तो पुन्हा शह, आणि राजा आणखी उघडा पडतो. तिथे मला बाजू निवडायला सांगितली तर मी पांढऱ्याची निवडीन. एच प्यादं दोन घरं पुढे टाकूनही पांढरा त्रास देऊ शकतो. म्हणजे जी६ ने तुम्ही सुटला असता असं नाही. पण जी८ वर सहा चालींचा फासा होता, आणि जी६ वर समोरच्याला प्रत्येक चाल शोधून खेळावी लागली असती. घड्याळ त्याचंही चालू असतं.

आता माझा किस्सा. मे महिन्यातली स्पर्धा, दुपारची फेरी, पंखा डोक्यावर नुसता गरगरतोय. माझ्याकडे एक उंट जास्त होता, समोरच्याचे तीन मोहरे माझ्या राजाभोवती. तो उंट परत देऊन हल्ल्यातला मुख्य घोडा मारता येत होता, बरोबरीचा खेळ झाला असता. मला ते दिसतही होतं. पण एवढ्या कष्टाने मिळवलेला मोहरा परत का द्यायचा, या एका विचारावर मी वीस मिनिटं घालवली आणि शेवटी सगळंच राखायला गेलो. अकरा चालींत हात मिळवून बाहेर आलो आणि उसाचा रस प्यायलो. चव काही लागली नाही.

तेव्हापासून मुलांना सांगतो, मिळालेला मोहरा ही उधारी समजा. याचा सर्वांत सुंदर नमुना १९५३ साली झ्यूरिकला झालेल्या स्पर्धेतला रेशेव्हस्की विरुद्ध पेट्रोशियन हा डाव. पांढऱ्याची मधली प्यादी पुढे सरकायच्या तयारीत आणि पेट्रोशियनचे मोहरे दबलेले. त्याने स्वतःहून हत्ती ई६ वर ठेवला, जिथे उंट त्याला मारू शकत होता, आणि त्या बदल्यात प्याद्यांची वाट रोखून घोड्याला डी५ चं पक्कं घर मिळवलं. डाव बरोबरीत सुटला. तिथे राजावर थेट हल्ला नव्हता, पण मोहऱ्याची किंमत मोजून वादळ थांबवायची नजर तीच. दहा वर्षांनी, १९६३ मध्ये, पेट्रोशियन विश्वविजेता झाला.

हल्ला आल्यावर एच प्यादं ढकलावं (एच६) की जी प्यादं (जी६), याचं उत्तर थोडक्यात देतो, कारण एवढं एवढंसं प्यादं ढकलून लोक फार मोठी आशा धरतात. राजासमोरचं प्यादं हलवलं की समोरच्याला पकडायला काहीतरी दिलं. एच६ केलं की जी४-जी५ ढकलून उभी पट्टी उघडायची सोय, नाहीतर एच६ वर उंटाचा बळी. जी६ केलं की एफ६ आणि एच६ ही घरं भोकं पडल्यासारखी. वजीर आणि डी३ चा उंट एकाच तिरक्या रेषेत एच७ वर नेम धरून बसले असतील, आणि माझा काळ्या घरांचा उंट अजून ई७ किंवा एफ८ वर असेल, तर मी जी६ खेळतो, कारण भोकं झाकायला माणूस घरी आहे. तो उंट गेला असेल किंवा ए५ वर फिरत असेल तर जी६ करताना हात थरथरलाच पाहिजे. एच६ मी तेव्हाच करतो जेव्हा त्याने जी५ वरच्या मोहऱ्याला खरोखर मागे जावं लागतं. नुसत्या भीतीने कधीच नाही.

कॅसलिंगच्या आधी काय करता आलं असतं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. ई५ पुढे आलं की त्या प्याद्याचा पाया डी४ असतो. सी प्याद्याने डी४ मारायचं, सी३ ने परत घेऊ द्यायचं, वजीर बी६ वर आणून डी४ वर सी६ च्या घोड्यासोबत दुहेरी दाब टाकायचा. फ्रेंच बचाव ही सुरुवात खेळणाऱ्यांचं हे रोजचं काम. डी४ राखण्यात पांढऱ्याचा एफ३ चा घोडा अडकला की तो जी५ वर उड्या मारायला मोकळा राहत नाही. राजा दोन-चार चाली मधोमध राहिला तर आकाश कोसळत नाही. मधली प्यादी बंद असताना घाई कसली? ए५ चा उंट ई७ कडे नेता येत नसेल तर बी६ वर आणून डी४ वरच रोखा, तो निदान कामाला लागेल. मात्र मग वजिरासाठी दुसरं घर शोधावं लागेल.

उंटाचा हा बळी सतराव्या शतकातल्या ग्रेको नावाच्या इटालियन खेळाडूच्या हस्तलिखितांत सापडतो. म्हणजे ४०० वर्षं लोक त्याला बळी पडत आलेत, तुम्ही एकटे नाही. १८८९ मध्ये ॲम्स्टरडॅमला, पुढे विश्वविजेता झालेल्या लास्करने बाउअरविरुद्ध तर एका मागोमाग एक दोन्ही उंट दिले, आधी एच७ वर आणि मग जी७ वर. तो डाव काळ्याच्या बाजूने बसून बघा. 'कुठली चाल सुंदर' हे बाजूला ठेवा आणि 'काळ्याचे मोहरे त्या वेळी कुठे होते' एवढंच विचारत जा.

वर्गात मी एक गोष्ट करून घेतो ती तुम्हाला घरी जमेल. हल्ला आल्यासारखं वाटलं की आपली चाल शोधायच्या आधी वहीत तीन ओळी लिहायच्या. समोरच्याला एक चाल फुकट दिली तर तो काय करेल? त्याचा कुठला एक मोहरा किंवा प्यादं काढलं तर हे सगळं ढासळेल? आणि त्या जागेपर्यंत माझं कोण पोचतं? स्पर्धेत लिहिता येत नाही, तेव्हा मनात. तुमच्या डावात दुसऱ्या ओळीचं उत्तर ई५ होतं, तिसरीचं दोन घोडे. ते दिसलं असतं तर राजा जी८ वर नेताना हात निदान थांबला असता.

आता एक काम. हाच पट मांडा, फक्त ए५ चा उंट ई७ वर ठेवा, आणि पांढऱ्याला पुन्हा एच७ वर उंट आपटू द्या. घोडा जी५ वर आला की ई७ च्या उंटाने तो मारा. सी१ चा उंट परत मारेल, तुमच्या वजिरावर हल्ला, वजीर हलवा. वजीर एच५ वर शह देईल, राजा जी८. पांढऱ्याचा तो घोडा आता पटावर नाही, मग एच७ वर मात कशाने करणार? हे पटलं की पुन्हा सुरुवातीला जा. या वेळी पांढऱ्याने अजून कॅसलिंग केलेलं नाही असं धरा: राजा ई१, हत्ती एच१ आणि एच प्यादं एच४ वर. आता ई७ च्या उंटाने घोडा मारलात की एच प्यादं परत मारेल, एच पट्टी उघडेल आणि हत्तीचा शह लागेल. राजा जी८ वर न्या, वजीर एच५ वर येऊ द्या, आणि तिथून काळ्याकडून जगून दाखवा. जमलं नाही तर कुठल्या चालीला अडकलात ते लिहा.